फोटोत दिसेल अशी भेग

आमच्या वस्तीत कुणाला सरकारकडून काही हवं असलं की लोक माझ्या दारात येतात. मी सेलूच्या एका शाळेत कारकून आहे, पण वस्तीत सगळे मला सर म्हणतात, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. अक्षर चांगलं, भाषा त्याहून बरी, आणि कोणत्या टेबलावर कोणता शब्द चालतो हे इतक्या वर्षांत पाठ झालेलं. सकाळची बस धरायच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर मी अर्ज लिहून देतो. त्याबद्दल कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. याचा मला माज होता, तो आता कबूल करायला हरकत नाही.

अर्जात शब्दच सगळं करतो. ‘गैरसोय’ लिहिलं तर कचेरीत कुणी मान वर करत नाही. ‘जीर्ण’ लिहिलं तर पुढच्या वर्षी बघू म्हणतात. ‘धोकादायक’ लिहिलं की कागद ढिगाच्या वर येतो, कारण उद्या काही झालंच तर तो कागद कुणाच्या टेबलावर पडून होता हा प्रश्न निघतो. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी सुटलोच. पाण्याची टाकी धोकादायक, नालीवरचा पूल धोकादायक, स्मशानातलं पत्र्याचं शेड धोकादायक. तिथं ज्याला नेतात त्याला आता आणखी कसला धोका, असं कचेरीतल्या बाबूनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, खांदेकऱ्यांना. तो खदखदून हसला आणि शेड मंजूर झालं. ही गोष्ट मी वस्तीत किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. लोकही हसायचे. सरांनी धोका लिहिला की निधी आलाच, असं म्हणायचे.

वस्तीच्या मधोमध आमचं समाजमंदिर आहे. ते नाव कागदावरचं. आम्ही त्याला विहारच म्हणतो, पण विहार लिहिलं तर निधी बसत नाही, म्हणून अर्जात समाजमंदिर. तो अर्जही माझाच. मंजुरी आली तेव्हा मार्च जवळ आला होता. पाया खणायला लागले तेव्हा वस्तीतले एक जुने गवंडी काका, ज्यांनी आमच्या अर्ध्या घरांच्या भिंती रचल्यात, ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. काळी माती मुठीत घेऊन दाबत होते. ते म्हणाले, “आजून खाली जा. मुरूम लागंस्तोर थांबू नका. ही माती पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात बसती. ही कुणाची न्हाई.” ठेकेदाराला घाई होती. निधी परत जाईल म्हणून वस्तीलाही घाई होती. काम लवकर उरकावं असं पत्र वस्तीच्या वतीनं मीच लिहिलं. एका उन्हाळ्यात इमारत उभी राहिली. स्लॅबवर पाणी मारायला टँकर यायचा होता, तो दोनदा आला आणि मग आलाच नाही.

तरी विहार झाला याचा आनंद खोटा नव्हता. पौर्णिमेची वंदना तिथं, लग्नं तिथं, कुणी गेलं तर शोकसभा तिथं. आणि आठवड्याचे सहा दिवस सकाळी अंगणवाडी तिथं, कारण अंगणवाडीची स्वतःची खोली अजून मंजूर नाही. माझी सख्खी वहिनी तिथं सेविका. माझी चार वर्षांची मुलगीही तिथंच जायची, काकूच्या हाताखाली.

यंदा शाळा उघडायच्या सुमाराला वहिनीनं मला बोलावून घेतलं. मागच्या भिंतीच्या वर, जिथं बीम भिंतीवर टेकतो, तिथून एक बारीक रेघ खाली उतरली होती. पेन्सिलीनं ओढल्यासारखी. वहिनी म्हणाली, “भावजी, खिचडी वाढायला बसलं की वरून कचकच पडायलीय. लेकरं म्हणतेत, काकू, मीठ जास्त झालंय.”

खरं सांगतो, मला काळजी नाही वाटली, आनंद झाला. दुरुस्तीचा निधी या वर्षी निघणार असल्याचं मी कचेरीत ऐकलं होतं, आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता होतं. भेगेबरोबर फरशी, रंग, मागचा ओटा आणि बायकांसाठी एक मोरी हे सगळं त्याच प्रस्तावात बसवता आलं असतं. बसमध्ये उभ्याउभ्या मी मनात मजकूर तयार केला.

आठ दिवसांत अभियंता साहेब आले. नवीनच लागलेले, सभ्य, बूट बाहेर काढून आत आले. मान वर करून बघितलं, मोबाईलमध्ये फोटो काढला, मोठा करून बघितला. म्हणाले, “ही केसभेग आहे. प्लास्टरची. यात काही नाही.” मी माझ्या ठेवणीतल्या भाषेत बोलायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. “तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मी वर फोटो पाठवतो. ठिकाण, तारीख, वेळ सगळं त्यावर येतं. वर जो बसलाय त्याला फोटोत भेग दिसली पाहिजे. ही मलाच दिसत नाही.”

बूट घालताना त्यांनी हे वाक्य सहज म्हटलं असेल. आम्ही मात्र ते प्रसाद घेतल्यासारखं दोन्ही हातांनी घेतलं. ते गेल्यावर ओट्यावर पाच-सहा जण बसलो आणि चहा व्हायच्या आत ठरलंसुद्धा. फोटोत दिसत नाही ना? मग दिसेल अशी करू. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. मुलाच्या नोकरीच्या अर्जासाठी आपण फोटो चांगला काढून घेतोच की, असं एक जण म्हणाला, आणि ते मला पटलं.

काकांना छन्नी-हातोडा घेऊन बोलावलं. ते यायला तयार नव्हते. मी घरी गेलो, आर्जवं केली. ते म्हणाले, “सर, रचायला बोलवा, हजार बार येतो. फोडायला कशाला?” मी म्हटलं, थोडं प्लास्टर उडवायचं, पुढं दुरुस्तीचं काम तुम्हालाच देऊ. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. तरी आले. रविवार होता, विहार रिकामा होता.

स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरची रेघ अलगद रुंद केली. प्लास्टरच्या खपल्या पडल्या. मी खालून मोबाईलमध्ये बघत होतो. अजून नीट दिसत नव्हती. मी म्हटलं, “काका, आजून वर. बीमपातुर न्या.”

“बीमला न्हाई लावत हात.”

“नुसतं वरचं उडवा हो.”

हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलू शकत नाही.

काकांनी छन्नी बीमच्या बुडाला टेकवली आणि एकच हलका ठोका दिला. ठोक्याचा आवाज यायला हवा होता तसा आला नाही. छन्नी आत गेली. काकांनी मारली म्हणून गेली असं नाही, आत जागाच होती म्हणून गेली. मग तिथून रेती गळायला लागली, बारीक, न थांबता. काकांनी छन्नी ओढून काढली आणि त्या भोकात बोट घातलं. पहिलं पेर गेलं, दुसरं गेलं. बोट बाहेर काढलं तेव्हा त्यावर गंज होता.

ते खाली उतरले आणि स्टुलावरच बसले. “माल बसलाच न्हाई आत,” ते म्हणाले. “खडी येगळी, रेती येगळी. गज उघडा पडलाय. सर, ही आपुन केलेली न्हाई. ही आधीच व्हती.” थोडं थांबून म्हणाले, “का आता आपुन केली, काय म्हाईत.”

तोच प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. त्या भेगेतली किती आमची आणि किती इमारतीची हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. काका म्हणाले, “लेकरं हालवा इथून.” मी हो म्हटलं. आणि मग मी काय केलं? फोटो काढले. अगदी झकास आले. घरी जाऊन मी प्रस्ताव लिहिला, त्यात धोकादायक हा शब्द तीन ठिकाणी घातला, आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

लेकरं का हलवली नाहीत, याचं उत्तर देताना आजही जीभ अडखळते. हलवायची म्हणजे कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की छन्नी निघणार. सरकारी इमारतीला छन्नी लावली म्हणजे गुन्हा, आणि माझी नोकरी अनुदानित शाळेतली. निधी येऊ दे, मग आपोआप सगळं हलेल, असं मी स्वतःला समजावलं. वहिनीनं विचारलं, “भावजी, ती भेग एवढी मोठी कशी झाली हो?” मी म्हटलं, “फोटोसाठी वरवर उडवलीय. आत काही नाही.” ती मला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते. तिनं विश्वास ठेवला.

त्या दिवसापासून मात्र माझ्या मुलीला खोकला झाला. म्हणजे झाला नव्हता, मी लावला. बायकोला म्हटलं, हवा बदललीय, थोडे दिवस घरीच राहू दे. पोरगी अंगणात उड्या मारत होती आणि मी तिला खोकला आहे असं सांगत होतो. सकाळी बसस्टँडकडं जाताना विहारावरून जावं लागायचं. आतून गाणी म्हणायचा आवाज यायचा. मी चपला ओढत भरभर पुढं निघून जायचो. एकदा वहिनीनं दारातून हाक मारली, “भावजी, पोरीचा खोकला आजून गेला न्हाई व्हय?” मी म्हटलं, जाईल. मला माझीच इतकी किळस आली की सेलू येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पाऊस सुरू झाला तशी माती फुगायला लागली. विहाराचं मागचं दार चौकटीत अडकलं, मग लागेचना. काका आता वंदनेला आत येत नव्हते, पायरीवर बसूनच हात जोडायचे. कुणी विचारलं तर गुडघे दुखायलेत म्हणायचे. आम्ही दोघं समोरासमोर आलो की एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडं बघायचो. भेगेच्या कडेनं ओल उतरली होती, आधी हातभर, मग पुरुषभर. तिथं भिंतीला टेकून लेकरांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या असायच्या.

महिन्याभरानं साहेब परत आले. मी शाळेतून रजा काढून हजर होतो. या वेळी त्यांनी स्टूल मागितलं. वर चढले, भेगेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि खाली माझ्याकडं बघितलं.

“ही छन्नीची आहे.”

काका पायरीवर मान खाली घालून बसलेले.

“मी गुन्हा दाखल करू शकतो,” ते म्हणाले. आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त भीती वाटली. “करत नाही. पण तुमच्या गावात धोकादायक नाही असं काही आहे का? कचेरीत तुमचे अर्ज बाहेर काढले की लोक हसतात, माहीत आहे?”

तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, छन्नी आमची, पण जरा वर बोट घालून बघा, आत पोकळ आहे, एवढंच. दोन वाक्यं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाक्यं जुळवणाऱ्या माझ्या तोंडातून ती निघाली नाहीत. साहेबांनी बोट घातलं नाही, कारण बोट घालण्यासारखं काही आहे असं त्यांना कुणी सांगितलंच नाही. पंधरा दिवसांनी कागद आला. भेग मानवनिर्मित, इमारत वापरण्यास योग्य, दुरुस्तीचा प्रस्ताव नामंजूर.

त्याच आठवड्यात काकांनी कुणाला न सांगता भेगेवर आडवी प्लास्टरची एक पट्टी मारली, चार बोटं रुंद. मला म्हणाले, “ही तुटली तर समजायचं की आजून चालायलीय.” मी रोज सकाळी बस पकडायच्या आधी आत जाऊन बघायचो. चार दिवस पट्टी शाबूत होती. माझ्या मनाला तेवढाच आधार. पाचव्या दिवशी, रविवारी, ती मधोमध फुटलेली होती आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले होते.

त्याच सकाळी वस्तीची बैठक होती. निधी गेला, तर आता वर्गणी काढून भेग बुजवायची आणि रंग मारून घ्यायचा, पुढच्या महिन्यात एक लग्न होतं. सगळे ओट्यावर आणि समोरच्या लिंबाखाली बसलेले, बायका एका बाजूला. पावसाची चिमचिम होती म्हणून लेकरं विहारात शिरली होती. आत पळापळी, ओरडा, भिंतीला हात लावून परत यायचा खेळ चालला होता.

मी उभा राहिलो. म्हटलं, “भेग बुजवून चालणार नाही. विहार वापरायचा नाही. आत पोकळ आहे. खरंच धोकादायक आहे.”

मग मागून एक जण म्हणाला, “सर, सायेब न्हाईत इथं. आमाला कशाला सांगायलाव?”

आणि सगळे हसले. मनापासून हसले, प्रेमानं. माझ्या बाजूला बसलेल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. शेडची गोष्ट सांगा म्हणून कुणी ओरडलं. मी हात हलवत होतो, अरे खरंच, बाबांनो, खरंच सांगतोय, आणि जितकं मी जोर लावून सांगत होतो तितके ते जास्त हसत होते. अर्ज लिहिताना मी असाच जोर लावतो हे त्यांना ठाऊक होतं. काका पायरीवरून काहीतरी बोलले, पण त्यांचा आवाज हसण्यात बुडाला.

वहिनी हसली नव्हती. ती बायकांच्या घोळक्यातून उठली आणि पदर खोचून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“भावजी, तुमची पोर कुठं हाय?”

माझी नजर घराकडं गेली.

“दोन महिने होत आले. हजेरीत मी रोज खाडा मांडायलेय. खोकला हाय म्हणलात तुमी. काल तुमच्या दारात दोरीवरच्या उड्या मारायलती ती. मी बगितली.” ती आणखी एक पाऊल पुढं आली. “तुमाला म्हाईत व्हतं का, भावजी?”

हसणं थांबलं ते असं थांबलं की आतल्या लेकरांचा आवाज एकदम मोठा ऐकू यायला लागला. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. एवढ्या वर्षांत मी दिलेला हा एकच पुरावा असेल ज्याला कुणी सही-शिक्का मागितला नाही.

बायका उठल्या. कुणी ओरडलं नाही. त्या भराभर पायऱ्या चढून आत गेल्या आणि जे लेकरू हाताला लागलं ते उचलून बाहेर यायला लागल्या, आपलं-दुसऱ्याचं न बघता. काका दारात उभे राहून, गुडघ्याचं सोंग विसरून, एकेकाला हात देत होते. लेकरं रडत होती, त्यांचा खेळ मोडला म्हणून. वहिनी सगळ्यात शेवटी निघाली. तिच्या हातात हजेरीचं पुस्तक होतं.

माझ्या घराच्या दोन घरं पलीकडं राहणारी एक बाई, जिच्या मुलाचा जन्मदाखला मीच काढून दिला होता, त्या मुलाला कडेवर घेऊन माझ्यापुढं थांबली. तिनं त्याच्या केसांतली रेती झाडली.

“म्हंजी, सर,” ती म्हणाली, “आमच्या लेकराला खोकला न्हवता म्हून ते आत व्हतं?”

ती उत्तरासाठी थांबली होती. मग त्याला दुसऱ्या कडेवर घेऊन ती घरी निघून गेली.